सर्जेरावांच्या हाडाची उंची

ज्याला काम उरत नाही ते झिजून नाहीसं होतं, हा निसर्गाचा नियम आहे. तो हाडांना लागू आहे. समित्यांना लागू नाही. दात पडला की त्याच्या मुळाशी असलेलं जबड्याचं हाड काही दिवस वाट पाहतं, मग आता आपल्याला कुणी विचारणार नाही हे ओळखतं आणि विरघळू लागतं. दहा वर्षांत त्याची उंची पार निम्म्याखाली येते. समितीचं काम संपलं तर तिला मात्र उपसमिती फुटते. हाडांना हे तंत्र अजून जमलेलं नाही, आणि त्यामुळेच दातांच्या डॉक्टरांचं बरं चाललेलं असतं.

निसर्गातली ही दोन्ही टोकं चिंचमळा वस्तीवर एकाच माणसाच्या तोंडात भेटली. माणसाचं नाव सर्जेराव, वय अडुसष्ट, ऊस साडेचार एकर, हुद्दा पहिल्या कांड्याचे मानकरी. वस्ती बारामती आणि इंदापूर यांच्या मधोमध आहे. मतं मागायला दोन्हीकडून गाड्या येतात, आणि रस्त्याचा विषय निघाला की दोन्हीकडचे सांगतात, तो भाग पलीकडे मोडतो.

पहिल्या कांड्याचा मान म्हणजे काय ते आधी सांगितलं पाहिजे. हंगामात ऊसतोडीची टोळी वस्तीवर उतरते त्या सकाळी साठ घरची माणसं फडाच्या बांधावर जमतात. कुणी कोयता उचलत नाही. मानकरी पुढे होतो, एक ऊस मोडतो, त्याचं बुडाकडून तिसरं कांडं उजव्या दाढेने सोलतो, चावतो, रस गिळतो, चोथा डावीकडे थुंकतो आणि मोठ्याने सांगतो, "गोड हाय!" मग कोयते चालतात. समितीच्या नोंदवहीत या हकिगतीच्या आधीच्या एक्केचाळीस हंगामांची माहिती आहे. ऊस गोड निघाला : एक्केचाळीस वेळा. गोड निघाला नाही : निरंक. (साखर उतारा कारखान्यात यंत्राने काढतात आणि तो दर वर्षी वेगळा येतो. यंत्रच ते, त्याला माणसांत वावरायची सवय नसते.)

मानाला अट एकच : दात स्वतःचे हवेत. ही अट सर्जेरावांच्या चुलत्यामुळे, बाजीतात्यांमुळे, घालावी लागली. तात्या मानकरी असताना त्यांनी एका वर्षी कवळी लावून कांडं सोललं आणि कवळी उसातच राहिली. त्यांच्या "गोड हाय"मध्ये काहीतरी कमी आहे हे दोघातिघांच्या लक्षात आलं होतं, पण तोवर कोयते सुरू झाले होते. तो ऊस मोळीत गेला, मोळी ट्रकमध्ये गेली, ट्रक कारखान्यात गेला. तात्यांनी अर्ज केल्यावर कारखान्याकडून लेखी उत्तर आलं की सदर वस्तू गाळपात आढळून आलेली नाही. त्यानंतर वस्तीवर चार महिने चहात कुणी साखर घेतली नाही, आणि ठराव झाला की कवळीस मज्जाव करण्यात येत आहे.

तात्यांनंतर मान सर्जेरावांच्या वडिलांकडे आला आणि वडिलांकडून त्यांच्याकडे. सर्जेरावांचा त्यावर फार जीव होता. घरात कुशाबाईंचं चालायचं, शेतात मुलगा युवराज याचं, आणि उरलेल्या ठिकाणी ज्याचा आवाज मोठा त्याचं. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस सर्जेराव बोलायला लागले की माणसं मोबाइलमध्ये बघायची. त्या एका सकाळी मात्र साठ घरं गप्प उभी राहायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघायची. त्या गप्प होण्याची त्यांना चटक लागली होती. हे त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण दिवाळी झाली की आरशासमोर उभं राहून "गोड हाय" म्हणताना कुशाबाईंनी त्यांना दोनदा पकडलं होतं.

आता त्यांच्या तोंडाची वस्तुस्थिती. वरच्या जबड्यातल्या उजवीकडच्या दोन दाढा अकरा वर्षांपूर्वी गेल्या होत्या. कारणं तीन : तंबाखू, मिश्री आणि 'पुढच्या आठवड्यात दाखवू'. त्यांच्या पुढचा एक दात तेवढा टिकून होता आणि दोन दाढांचं काम एकटा ओढत होता, जसं प्रत्येक कचेरीत कुणीतरी एक ओढतो. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात, साठ घरांसमोर, तिसऱ्या कांड्यावर तो मोडला. कट् असा आवाज बांधावरच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. सर्जेराव हातात ऊस, उसात अर्धा दात आणि हनुवटीवर रक्त अशा स्थितीत उभे राहिले. त्यांना बोलायचं होतं, पण तोंडातून नुसती हवा आली.

तेव्हा त्यांचे चुलतभाऊ आप्पासाहेब पुढे झाले. आप्पासाहेब एकाहत्तर वर्षांचे आणि त्यांच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात. लग्नात ते बायकांच्या घोळक्यासमोर अख्खी सुपारी फोडून दाखवतात. त्यांनी सर्जेरावांच्या हातातून ऊस घेतला, दुसऱ्या बाजूने सोलला, चावला, थोडा वेळ थांबले, आणि म्हणाले, "गोड हाय."

पहिलं कांडं मान व्यवस्थापन समितीची (सभासद सात, वर्षातलं प्रत्यक्ष काम चाळीस सेकंद, वर्षातल्या बैठका अकरा) त्याच दुपारी तातडीची सभा झाली. सचिव बिरदेव यांनी ठराव लिहिला की मानकऱ्यांची उजवी बाजू कार्यान्वित होईपर्यंत तात्पुरता कार्यभार आप्पासाहेबांकडे देण्यात येत आहे. पुढील हंगामाच्या पहिल्या दिवसापर्यंत सदर बाजू कार्यान्वित न झाल्यास तो कायम समजण्यात यावा. सर्जेरावांना ही पुढची तरतूद वाचायची गरजच नव्हती. तात्पुरता म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. दूध डेअरीचा तात्पुरता सचिव त्यांनी स्वतः चड्डीत असताना पाहिला होता आणि परवाच त्याच पदावर त्या सचिवाची नव्वदी साजरी झाली होती.

म्हणून चार दिवसांत ते युवराजच्या मोटरसायकलवर मागे बसून बारामतीला, भिगवण रस्त्यावर, डॉ. मुबशिरा यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर निवडताना त्यांनी पदव्या पाहिल्या नाहीत. मुबशिरा ही इंदापूरच्या अल्ताफ मिस्त्रींची मुलगी, आणि अल्ताफ मिस्त्रींनी एकदा वायंडिंग भरलेली पाण्याची मोटार पुन्हा जळत नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं.

डॉक्टरीणबाईंनी जबड्याचा स्कॅन काढला आणि पडद्यावर दाखवला. (बिरदेवने पुढे त्याला 'तोंडाचा सातबारा' असं नाव दिलं आणि समितीत तेच रूढ झालं.)

"आबा, दाताचा स्क्रू बसवायला दहा मिलिमीटर तरी हाड लागतं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे साडेतीन आहे."

सर्जेरावांना वाईट वाटलं. इतकी वर्षं आपण वस्तीत जरा उंच माणूस आहोत अशी त्यांची समजूत होती.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की त्या हाडाच्या वर, गालाच्या आत, एक पोकळी असते. पोकळीला पातळ पडदा असतो. तो अलगद वर उचलायचा, खाली हाडाची भुकटी भरायची आणि सात महिने मुरू द्यायची. मग स्क्रू. स्क्रू धरायला आणखी चार महिने. मग वर दात.

सर्जेरावांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यांचं खालचं दोन एकर रान असंच होतं, नुसता खडक. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हटलं की तिथला गाळ ट्रॉल्या भरभरून आणून त्यांनी त्यावर टाकला होता आणि चौथ्या वर्षी त्यात ऊस उभा केला होता.

"म्हंजी गाळच भरायचा की. किती ट्रॉल्या?"

"दीड ग्रॅम."

"आन् दीड ग्रॅमला सात म्हयनं?"

"आबा, भुकटी नुसती जागा धरून ठेवते. तुमच्या अंगातलं हाड हळूहळू तिथं येऊन बसतं. त्याला वेळ लागतो."

एसटीच्या खिडकीतून सीटवर टॉवेल टाकणं आणि मग माणसं सावकाश चढणं, असं ते मनात लावून घेतल्यावर सर्जेरावांना सगळं पटलं. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "या बाजूने काय काय खायचं आहे तुम्हाला?"

इथे जे घडलं ते इतर कुठे घडलं नसतं. कागदावर हेतू नेहमी साधा सांगावा, हे आपल्या भागातलं पिढीजात शहाणपण आहे. म्हशीसाठी अर्ज करून पाइपलाइन केली जाते, पाइपलाइनचा अर्ज करून लग्न उरकलं जातं आणि लग्नाच्या नावाने रजा घेऊन म्हैस बघायला गेलं जातं. काम सगळ्यांचं होतं, फक्त एक घर पुढे सरकून होतं. खरा हेतू सांगितला की समोरचा चष्मा काढून डोळे चोळतो आणि मंजुरी अडते. सर्जेरावांनी आयुष्यात एकदाही खरा हेतू सांगितलेला नव्हता आणि त्यांचं एकही काम अडलेलं नव्हतं.

"भाकरी," ते म्हणाले.

"कडक?"

"न्हाय न्हाय. मऊ. दुधात कुस्करून."

डॉक्टरीणबाईंनी 'मऊ आहार' असं लिहून घेतलं आणि सर्जेरावांनी खाली सही केली.

भुकटी कशाची, हा प्रश्न घरी आला. माहितीपत्रकात चार प्रकार दिले होते : दुसऱ्या माणसाच्या हाडाची, बैलाच्या हाडाची, कारखान्यात बनवलेली, आणि स्वतःच्याच हाडाची. पत्रकाचं जाहीर वाचन युवराजने केलं.

बैलाचा प्रकार कुशाबाईंनी जागीच फेटाळला. "नगं. आदीच कुनाचं ऐकत न्हाईत. त्यात आनि बैल घालून घेऊ नगासा."

दुसऱ्या माणसाच्या हाडाबद्दल बिरदेवने कायदेशीर शंका काढली. तो माणूस कोण, त्याचे वारस किती, आणि उद्या त्यातला एखादा हिस्सा मागायला दारात उभा राहिला तर नोंद कुठल्या दाताला लावायची? कारखान्यात बनवलेली भुकटी सगळ्यांना पसंत होती, पण मुद्दा 'स्वतःच्या' दातांचा होता आणि आप्पासाहेब हरकत घेणार हे उघड होतं. शेवटी स्वतःचंच हाड ठरलं. खालच्या जबड्याच्या मागच्या कोपऱ्यातून थोडं काढायचं आणि वर भरायचं. आपल्याच रानातली माती आपल्याच रानात. त्यावर कुणाचा अर्ज चालत नाही.

डिसेंबरात भराव झाला. सूचना छापील मिळाल्या : नाक शिंकरू नये, नळीने काही ओढून पिऊ नये, शिंक आल्यास तोंड उघडं ठेवून शिंकावं, नाहीतर दाबाने पडदा फाटून भराव हलेल, उजवीकडून सात महिने काहीही चावू नये. वस्तीने हे फार मनावर घेतलं. मसाल्याच्या दिवसांत चिंचमळ्याची मिरची शेजारच्या कन्हेरी गावाला नेऊन कुटण्यात आली. समितीने शिंकांची नोंद ठेवली. सात महिन्यांतल्या शिंका : तेवीस. पैकी उघड्या तोंडाने : बावीस. उरलेली एक बंद तोंडाने आली, आणि त्या दिवशी सर्जेराव जेवले नाहीत. ते संध्याकाळपर्यंत गालावर हात धरून ओट्यावर बसून राहिले आणि युवराजने बारामतीला फोन करून भराव जागेवर असल्याची खात्री करून घेतल्यावरच उठले.

शेतकरी माणसाला मोकळं रान सात महिने बघवत नाही. एप्रिलमध्ये सर्जेरावांनी स्वतः फोन लावला आणि मधल्या काळात तिथे एखादा हलका, थोड्या दिवसांचा दात घेता येईल का, अशी चौकशी केली. डॉक्टरीणबाईंनी आंतरपिकाला परवानगी नाकारली.

मे महिन्यात आप्पासाहेबांची हरकत आली. तिच्यात म्हटलं होतं की बसवलेला दात हा स्वतःचा दात नव्हे, आणि माणसाच्या तोंडात जन्माचे असतील तेवढेच त्याचे. समितीने आधी स्थळपाहणी करायची ठरवली. सात सभासद सर्जेरावांच्या ओट्यावर रांगेने बसले, सर्जेरावांनी आ केला, आणि एकेकाने बॅटरी मारून आत पाहिलं. पंचनामा असा झाला :

'सदर जागा वरच्या अंगास असून पूर्वेस गाल, पश्चिमेस जीभ, उत्तरेस नाक व दक्षिणेस खालचा जबडा अशा चतुःसीमा आहेत. जागेवर सध्या कोणतेही पीक उभे नाही. भराव टाकल्याचे दिसून येत नाही, परंतु टाकला असल्याचे मानकरी तोंडी सांगतात. तोंड उघडे असल्याने त्यांचे म्हणणे नीट समजले नाही.'

मग सुनावणी झाली. ती तीन तास चालली आणि तिच्यात दोनदा भजी झाली. निकाल बिरदेवने लिहिला आणि तो एखाद्या मोठ्या कोर्टात लागला असता तर आज त्याचे दाखले दिले गेले असते. निकालाचा सारांश असा : जन्मताना कोणाच्याही तोंडात दात नसतात. सबब वस्तीतील सर्वांचेच दात मागाहून बसलेले आहेत. पैकी आप्पासाहेबांचे दात त्यांना काही न करता मिळालेले असल्याने ते वडिलोपार्जित होत. सर्जेराव यांचे होणारे दात त्यांनी स्वतःच्या हाडावर, स्वतः दुःख सोसून मिळवलेले असल्याने ते स्वकष्टार्जित होत. वडिलोपार्जित मिळकतीत भावकीचा हिस्सा निघतो; स्वकष्टार्जित मिळकत पूर्णपणे ज्याची त्याची असते. म्हणून दोहोंत सर्जेराव यांचेच दात अधिक स्वतःचे ठरतात.

हरकत फेटाळली गेली. आप्पासाहेब जिभेने आपले वडिलोपार्जित दात चाचपत घरी गेले.

जुलैत स्क्रू बसले. नव्या स्कॅनमध्ये हाडाची उंची साडेअकरा मिलिमीटर भरली. युवराजने तो आकडा वस्तीच्या ग्रुपवर टाकला आणि त्याला हारांची चित्रं आली. नोव्हेंबर उजाडताना वर तीन पांढरे दात चढले. डॉक्टरीणबाईंनी हातात आरसा दिला. सर्जेरावांनी ओठ वर करून खूप वेळ पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि हेतू लपवायचं भानच राहिलं नाही.

"पोरी, आता बघच तू. सोमवारी टोळी येतीया. साठ घरांम्होरं असा ऊस सोलतो का..."

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. "ऊस? आबा, कागदावर मऊ भाकरी आहे."

"त्ये कागदावर झालं."

"ऊस सोलताना दात आडवा ओढला जातो. या दातांना सरळ दाब चालतो, आडवी ओढ चालत नाही. हाड नवीन आहे. सुटलं तर पुन्हा साडेतीनवर याल. फार तर सोललेली बारीक गंडेरी चघळा. सोलायचा नाही, कधीच नाही. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं तुम्हाला!"

"तवा सांगितलं असतं, तर तुमी ह्ये काम केलं असतं व्हय?"

"उसासाठी? नाही."

"म्हनून तर न्हाय सांगितलं."

या उत्तराला वैद्यकशास्त्रात प्रत्युत्तर नसल्याने डॉक्टरीणबाईंनी पुढच्या तपासणीची तारीख दिली.

घरी येईपर्यंत सर्जेराव मोटरसायकलवर एकच हिशोब मांडत राहिले. सोलावं तर जबडा जातो, न सोलावं तर मान जातो. हे त्यांनी फक्त कुशाबाईंना सांगितलं. कुशाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताटातून नजरही वर केली नाही.

"मी जाते की सकाळी विळा घिऊन. तिसऱ्या कांड्याची साल उबी चिरून ठिवते, वरनं पाचट गुंडाळते. तुमी नुसता दात लावल्यावानी करा, आपसूक निगंल."

"आगं पर, ह्ये बरं दिसंल का?"

"तुमच्या आईनं मामंजींचं असंच केलं. पंधरा वर्सं. तुमाला काय वाटलं, सत्तरीचा मानूस दातानं ऊस सोलतुया?"

सर्जेरावांच्या डोळ्यांपुढून बारा महिने, दोन ऑपरेशनं आणि तेवीस शिंका गेल्या.

"मग गेल्या साली माजं का न्हाय चिरून ठिवलंस?"

"तुमी सांगितलं व्हतं का, दात हलतुया म्हनून?"

त्यांनी ते सांगितलं नव्हतं. सरळ विचारलं असतं तरी त्यांनी दुसरंच काही सांगितलं असतं, हे त्यांना स्वतःलाही कबूल होतं.

सोमवारी साठ घरं बांधावर जमली. यंदा टोळी पंधरा दिवस आधी आली होती. ऊस अजून वाढीला होता, आणि ऑक्टोबरचा सगळा पाऊस फडात गुडघाभर उभा राहून मग गेला होता. पण तारीख ठरलेली, ट्रक आलेला, टोळीतल्या बायका पोरांना बांधावर निजवून कोयते घेऊन उभ्या. सर्जेराव नवा सदरा घालून पुढे झाले. कुशाबाईंनी दाखवलेला ऊस त्यांनी मोडला, पाचट काढलं, तिसरं कांडं उजव्या दाढेशी नेलं. साल अलगद सुटून आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पासाहेबांनी मान खाली घातली.

सर्जेरावांनी गराचा तुकडा उजवीकडे घेतला आणि हळूच दाबला. अकरा वर्षांनी त्या दोन दाढांच्या जागी काहीतरी चावलं जात होतं. दात हलला नाही. हाड हललं नाही. रस जिभेवर आला.

ऊस पाणचट होता. गोडीचा वासही नव्हता. तांब्या विसळून प्यावा तसं लागलं.

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. त्यांनी चोथा डावीकडे थुंकला आणि समोर पाहिलं. साठ घरं गप्प उभी होती. बारा महिने त्यांनी ज्याच्यासाठी सोसलं ते गप्प होणं आता त्यांच्यासमोर उभं होतं आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे त्यात सांगण्यासारखं काहीतरी होतं. ऊस तोडू नका, अजून महिनाभर थांबा, एवढंच सांगायचं होतं. सगळ्या वस्तीच्या भल्याचं होतं. पण ठरावात 'गोड न्हाय' निघाल्यास काय करावं याची तरतूद नव्हती. टोळी परत गेली तर ती कधी येईल सांगता येत नव्हतं. ट्रकवाल्याने इंजिन सुरू ठेवलं होतं. युवराज घड्याळ बघत होता. बिरदेव नोंदवही उघडून, 'गोड' हा शब्द आधीच लिहून, पुढच्याची वाट पाहत होता.

सर्जेरावांना भीती वाटली. कसली, ते त्यांना सांगता आलं नसतं. दात मजबूत होते, हाड साडेअकरा मिलिमीटर होतं, दोन्ही त्यांचं स्वतःचं होतं.

"गोड हाय!" ते म्हणाले.

कोयते चालू झाले. त्यांचा आवाज सगळ्या फडावर पसरला. बिरदेवने नोंद पुरी केली : हंगाम त्रेचाळीस, ऊस गोड त्रेचाळीस.

गर्दी पांगल्यावर आप्पासाहेब सर्जेरावांच्या शेजारी बांधावर येऊन टेकले. थोडा वेळ दोघं ट्रक भरताना बघत राहिले.

"पानचट हुता न्हवं?" आप्पासाहेबांनी हळूच विचारलं.

सर्जेराव दचकले. मग म्हणाले, "व्हय."

"गेल्या साली बी तसाच हुता."

"मग आप्पा, तुमी का न्हाय बोललासा? तुमचं तर बत्तीस हायती."

"बत्तीस हायती," आप्पासाहेब म्हणाले.

त्या वर्षी वस्तीचा उतारा कमी आला. समितीने यंत्राच्या कार्यपद्धतीबद्दल नापसंती व्यक्त केली आणि सर्जेरावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. श्रीफळ त्यांनी कुशाबाईंना फोडायला दिलं.

वाचकांनी सर्जेरावांना हसण्यापूर्वी एक छोटी तपासणी करून घ्यावी (वेळ चाळीस सेकंद, उपाशीपोटी असण्याची गरज नाही). आरशासमोर उभं राहून आ करावा. दात बहुधा स्वतःचे निघतील, हाडही पुरेसं भरेल. मग आपण शेवटचं 'गोड न्हाय' कुठे, कुणासमोर आणि किती माणसांत म्हणालो होतो ते आठवावं. साहेबांच्या खोलीत, सत्काराच्या मांडवात, व्याह्याच्या पंगतीत, घराच्या ओट्यावर, कुठलंही चालेल. लवकर आठवलं नाही तर घाबरू नये. वापर नसला की ते झिजतं.

सर्जेरावांनी पुढच्या तपासणीला डॉ. मुबशिरांना हेही विचारून घेतलं. या वेळी हेतू खरा सांगितला. सगळी हकिगत सांगून ते म्हणाले, "पोरी, ह्या जाग्याला भरायला काय भुकटी मिळती का?"

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढून ठेवले.

"नाही आबा. आणि तसे पेशंट खूप आहेत," त्या म्हणाल्या. "पण दुखत नाही ना, म्हणून कुणी दाखवायलाच येत नाही."